देवराईच्या हद्दीवरचा भुंगेरा

शलमोन यशया भिंगारदिवे (१८८७–१९४७), जामखेड येथील निवृत्त प्राथमिक शिक्षक.

उताणा पडला की ‘टक्’ असा आवाज करीत उसळणारा भुंगेरा अनेकांनी पाहिलेला असतो. मास्तरांनी त्याच्या जाती ओळखण्यात हयात घातली. १९४३ मध्ये गावाजवळच्या देवराईच्या कडेला सापडलेला, पाठीवर दोन पिवळे ठिपके असलेला भुंगेरा मात्र कोणत्याच ग्रंथात बसेना. युद्धामुळे डांबरगोळ्या मिळत नव्हत्या; मुंग्यांनी त्या एकुलत्या नमुन्याच्या मिशा आणि पाय नेले. मास्तर ज्या संग्रहालयाकडे नमुने पाठवीत, त्याने कळवले की, अखंड नमुन्यावाचून नव्या जातीचे वर्णन छापता येणार नाही. त्याच वर्षी मास्तरांना काचबिंदू झाल्याचे निदान झाले. नजर जाण्याआधी दुसरा भुंगेरा मिळायलाच हवा होता.

तो देवराईतल्या कुजक्या खोडात वाढतो, हे त्यांना ठाऊक होते. खोड फोडू द्यावे म्हणून त्यांनी पुजारी रंगनाथ गुरव यांची परोपरीने विनवणी केली.

“तुमचा देव येगळा, मास्तर, पर लाकूड आमच्या देवाचं हाय,” रंगनाथ म्हणाले. “हितली वाळकी काडीबी कुनी न्हेत न्हाई. किडा आपल्या पायानं हद्दीभाईर आला, तर त्यो तुमचा.”

मग दर उन्हाळ्यात मास्तर हद्दीच्या दगडांपाशी पांढरे धोतर अंथरून बसू लागले. पुढे पुढे पत्नी लिडियाबाई त्यांना हाताला धरून नेत. लोक हसत.

१९४६ च्या मे महिन्यात धोतरावर ‘टक्’ झाले. मास्तर गुडघ्यांवर येऊन चाचपडू लागले. आवाज हाताशीच होता. त्यांना धोतराचा पांढरेपणाही दिसेना. भुंगेरा लिडियाबाईंनी पकडला.

घरी भिंगातून पाहून त्या एकेक अवयव सांगू लागल्या, तसे मास्तरांनी त्यांना थांबवले.

“न पाहिलेलं पाहिलं म्हणून माझ्याच्यानं सही होणार नाही, लिडिया.”

“अहो, मग मी पाहिलं म्हणून लिहा. माझे डोळे काय उसने आणलेत?”

दिवसभर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या सकाळी त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. बाई पाहत आणि लिहून घेत. परंतु जवळच्या जातीहून हा वेगळा ठरायचा तर पोटाकडची एक बारीक खाच दिसायला हवी होती. ती बाईंना कधी भासे, कधी भासत नसे. मास्तर पुन्हा पुन्हा नीट बघ म्हणत, आणि भिंग धरलेल्या बाई रडत. अंदाजाने लिहायचे नाही, एवढे मात्र दोघांचे ठरलेले होते.

फेब्रुवारी १९४७ मध्ये मास्तर वारले. बाईंनी नमुना आणि वर्णन स्वतःच्या सहीनिशी संग्रहालयाकडे पाठवले. खाचेविषयी ‘खात्रीने दिसली नाही’ असे लिहिले. नमुना दाखल झाल्याची पोच आली. जातीचे नाव ठरवणे बाकी राहिले आहे.