मष्णूमामांचं कन्नड

आमच्या कॉलेजात मैदान एक आणि फुटबॉलचे संघ दोन, मुलांचा नि मुलींचा. पी.टी.चे सर मुलांना घेऊन गावोगाव जातात. मुलींच्या वाट्याला येतात मष्णूमामा. कागदोपत्री ते शिपाई. मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळी बांधायची, एवढंच काम. बाकीचं त्यांनी स्वतःच अंगावर ओढून घेतलेलं. मी ऑफिसातला क्लार्क. माझी खुर्ची खिडकीशी, त्यामुळे मामांचा आरडाओरडा मला फुकटात ऐकायला मिळतो.

मामा कणकुंबीचे. तीस वर्षं बेळगावात काढली, पण कन्नड काही जिभेवर बसलं नाही. बोलायची हौस मात्र दांडगी. गोलकीपर सौम्याच्या घरी कन्नड, म्हणून तिच्याशी कन्नडच. 'हिडी' म्हणजे पकड, 'होडी' म्हणजे हाण. दोनच शब्द, तेही उलटसुलट व्हायचे.

गेल्या महिन्यातल्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला चेंडू सौम्याकडे आला. पकड म्हणायचं सोडून मामा ओरडले, "होडी!" चेंडू तिच्या हातून उडाला तो समोरच्या पोरीच्या पायात. गोल झाला, आपण हरलो. दुसऱ्या दिवसापासून सौम्या कॉलेजला येईना, सरावालाही नाही. मैत्रिणींना सांगितलं, घरी काम आहे.

मामांनी कानाला खडा लावला. पंधरा दिवस मैदानावर अवाक्षर काढलं नाही. त्यात प्राचार्यांनी कळवलं, सोमवारी अकरा नावं आली नाहीत तर मुलींचा संघ बंद. सौम्या धरून पोरी बरोबर अकरा. शनिवारी मामा माझ्या टेबलाशी आले.

"सायेब, पोरीला मीच बुडवलो. बोल मातुर तिला लागला."

"मग मला काय सांगता? तिला सांगा."

"संगट चला की."

जेवणाच्या सुट्टीत उपाशीपोटी शहापूरला, सौम्याच्या घरी गेलो. गल्लीत मागाची खटखट चालू होती. सौम्या दारात आली, उजवा हात ओढणीखाली. मामांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगून टाकलं, "होडी म्हणलो गं मी. चूक माजी हाय, तुजी न्हाय."

ती हसायला लागली. ओढणीखालून हात काढला. दोन बोटांना पट्टी.

"चेंडू वला हुता मामा, निसटला. बोटं मुरगळली. सरांना कळलं तर नाव कापतील म्हणून कुणाला बोलले न्हाय. उद्या पट्टी सुटतीया."

"पन मी होडी म्हणलो की."

"तुमचं कन्नड कोण ऐकतंय? पयल्या वर्षीच ठरलंय आमचं. मामा वरडलं की शब्द सोडायचा, हात बघायचा. हात लई बरोबर सांगत्यात तुमचं."

मामांचा जीव भांड्यात पडला. ते तिथंच उंबऱ्याशी बसले आणि टोपीनं डोळे पुसत हसत राहिले. मलाही बरं वाटलं, उपाशी होतो तरी.

सोमवारी अकरा नावं मीच टाईप केली. संध्याकाळी खिडकीतून पुन्हा मामांचा आवाज आला, "होडी, सौम्या, होडी!" त्यांचे दोन्ही हात छातीशी घट्ट मिटलेले होते. सौम्यानं चेंडू पकडला.