मेंढपाळाची हाक

पोलिसातल्या नोकरीतल्या बऱ्याच घटना आता पुसट झाल्या. आष्ट्याजवळची मेंढ्यांची चोरी मात्र आजही आठवते आणि आठवली की मान खाली जाते.

जतकडचे दोन मेंढपाळ भाऊ एका बागायतदाराच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायला आले होते. एका सकाळी वाघरीतल्या, म्हणजे जाळीच्या कुंपणातल्या, निम्म्या मेंढ्या गायब. कुत्रंही भुंकलं नव्हतं. राखणीला धाकटा होता आणि आपल्याला झोप लागली, असं तो म्हणत होता. फिर्याद देताना थोरला बोलून गेला, "आमच्या दोघांच्या हाकंबिगार मेंढरं हालत न्हाईत, सायेब." त्यात खबऱ्याने कळवलं की धाकट्याला वेगळं निघायचं आहे. मला तेवढं पुरलं. धाकट्याला ठाण्यात आणून बसवलं.

चौकशीत मी त्याच्याशी जे बोललो ते सगळं इथे लिहिण्याजोगं नाही. तो एकच सांगत राहिला, की मी केलं नाही. दुसऱ्या दिवशी थोरल्याने भाकरी आणली, हवालदाराच्या हातात दिली आणि भावाकडे न बघता निघून गेला. त्यानंतर धाकटा बोलायचाच थांबला.

अटक दाखवण्याआधी बागायतदाराचा जबाब घ्यायला गेलो. ते निवृत्त सुभेदार. परड्यात त्यांची सून कोंबड्यांना बोलावत होती. जिभेची टकटक आणि मागून लांबवलेला हुंकार. पंचनाम्याला रानात गेलो तेव्हा उरलेल्या मेंढ्या हाकताना हीच हाक मी थोरल्याच्या तोंडून ऐकली होती. विचारलं तर ती हसत म्हणाली, "आवं, आमचे धनी मेंढक्यांची लय हुबेहूब नक्कल करत्यात. ऐकून ऐकून मलाबी आली."

तिचा नवरा, सुभेदारांचा मुलगा, रोज वाघरीजवळ गप्पा मारत बसायचा, कुत्र्याला भाकर घालायचा. त्याच्याच हाकेवर मेंढ्या रस्त्यावरच्या पिकअपपर्यंत चालत गेल्या होत्या. वडिलांसमोर त्याने लगेच कबुली दिली. सुभेदारांनी रानात जाऊन थोरल्यापुढे हात जोडले.

धाकट्याला सोडायचं आणि त्याची माफी मागायची असं ठरवून मी केबिनमधून बाहेर आलो. तेवढ्यात नुकताच भरती झालेला शिपाई धाकट्याचा काढून घेतलेला मोबाइल त्याच्यापुढे टेबलावर टाकत म्हणाला, "उचल आणि नीघ. तुझ्यासारखे लय बघितलेत."

त्या पोराने अजून कुणालाच बघितलं नव्हतं. वाक्य माझं होतं, चौकशीच्या पहिल्याच दिवशी मी ते म्हणालो होतो. आवाजही माझाच. त्याला रागवायला माझी जीभ रेटेना. हाताखालची माणसं आपल्याला सतत बघत असतात आणि बघितलेलंच पुढे करतात, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

धाकटा मोबाइल घेऊन गेला. माफी मागायची राहूनच गेली.