लवकर संपणाऱ्या लढाया

रविवारी जेवणं आटोपली की नागपुरात, धरमपेठेतल्या आमच्या डायनिंग टेबलावर नकाशा पसरला जायचा. खेळणारे तिघं: माझा भाऊ, कॉलेजातली एक मैत्रीण आणि उमरेडहून एसटीने येणारा आमचा मित्र. ते तिघं गोष्टीतले वीर व्हायचे. गोष्ट मी सांगायची, आणि त्यातले राक्षस, दरोडेखोर, लांडगेही मीच व्हायचे. कुणाचा वार लागला, कुणाचा हुकला, हे फासे ठरवायचे. मित्र एरवी खाणीच्या ऑफिसात कारकून, चांगला उंचापुरा. खेळात मात्र बुटका कुऱ्हाडवाला.

लढाई सुरू झाली की दुपार त्यातच जायची. ज्याची बारी त्याने विचार करायचा, फासा टाकायचा, वार लागला तर जखम केवढी हे बघायला पुन्हा टाकायचा, मग नियमावरून वाद. सगळ्यात संथ हा उमरेडचा मित्रच. बाकीच्यांच्या बाऱ्या चालू असताना तो आईच्या हातमागाबद्दल सांगायचा, साहेबाची नक्कल करायचा, आणि बारी आली की विचारायचा, "आता कोणाले मारून राहिलो होतो गा मी?"

मग त्याला रक्ताचा आजार निघाला. उपचार नागपुरातच होते. जरा बरं वाटलं की वहिनी, म्हणजे त्याची बायको, त्याला रविवारी घेऊन यायची. पोरखेळ म्हणून ती आधी हसायची. आता त्याच्या शेजारी बसायची.

एकदा गुहेतल्या दरोडेखोरांशी लढाई चालली होती. बारीची वाट बघता बघता तो खुर्चीतच झोपला. बारी आली, पण उठवायला कुणाचं मन होईना. आम्ही फासे हातात धरून थांबलो. जागा झाल्यावर त्याने विचारलं, "माझी बारी गेली काय?"

"नाही गा, तुझीच आहे," भाऊ म्हणाला.

त्याने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग मला म्हणाला, "माझ्यासाठी थांबू नको वं. लढाईच लहान कर. मले पुढं काय होते ते पाहाचं आहे."

त्या आठवड्यात मी ऑफिसातून आले की तेवढंच डोक्यात. पुढच्या रविवारी सांगितलं: वाराचा आणि जखमेचा फासा एकदमच टाकायचा. दुसऱ्याची बारी चालू असतानाच आपलं ठरवून ठेवायचं. नियमावर अडलं तर मी म्हणेन ते, वाद नंतर. किरकोळ दरोडेखोर एका घावात आडवे, आणि म्होरक्या पडला की उरलेले पळणार.

लढाया झपाझप संपू लागल्या. औषधांनी त्याच्या बोटांना मुंग्या यायच्या, म्हणून फासे वहिनी टाकायची. वार लागला की तीच आधी ओरडायची, "लागला! लागला नं?" आणि तो ओठ न उघडता हसायचा.

डोंगरातल्या राक्षसिणीपर्यंत आम्ही पोचलो. ती पडली तेव्हा तो जागा होता. खोकला थांबल्यावर म्हणाला, "आता माझा माणूस घरी जाते. त्याची बायको वाट पाहून राहिली." वहिनी उठून पाणी आणायला आत गेली. बराच वेळ आली नाही.

त्यानंतर तो आला नाही. उमरेडला घरीच वारला.

काही महिन्यांनी आम्ही उरलेले तिघं पुन्हा बसलो. भाऊच म्हणाला, बसून तर पाहू. मी लांडग्यांची टोळी काढली. सवयीने दोन्ही फासे एकदम पडले, म्होरक्या मेला, बाकीचे पळाले. चहाची वेळही झाली नव्हती. कुणाला कुणाची वाट बघावी लागली नव्हती, त्यामुळे मधे कुणी गप्पाही मारल्या नव्हत्या.

"अजून एक घ्याची काय?" भावाने विचारलं.

मैत्रीण नकाशाची घडी घालू लागली, पण तिला ती जमेना. मी दुसऱ्या बाजूने कागद धरला.