कानात सांगायची गोष्ट

आपल्याइतके स्वच्छ कान कारखान्याच्या अख्ख्या खात्यात कुणाचे नाहीत, असं थोरली स्वतःच सांगायची. दर रविवारी कोमट तेलाचे थेंब, मग खिडकीच्या उजेडात बसून केसांच्या आकड्यानं कोरणं. आपले झाले की नवऱ्याचे, मग मुलाचे. कापडाच्या कारखान्यात ती मागावर उभी राहायची. तिथला खडखडाट असा, की बायका ओठ बघून बोलणं ओळखायच्या. "कान सरावतात गं," थोरली म्हणायची. "नवी चप्पल नाही का आधी चावत?"

तिची धाकटी जाऊ शेजारच्याच मागावर. ती मात्र कानांत रबरी बुचं घालून कामाला उभी राहायची. थोरलीनं तिचं नाव 'बाटली' ठेवलं, आणि सगळ्या खात्यानं ते उचललं. धाकटीला राग यायचा नाही. तिला ऐकूच कुठे जायचं!

दोघी एकाच घरात राहायच्या, थोरली खाली, धाकटी वर. दोघींची नोकरी संपली तोवर थोरलीच्या मुलाला मुलगी झाली होती, चिमी. पोरीला झोपवणं, भरवणं, शाळेत पोचवणं, सगळं थोरलीनं केलं. पण चिमी गुपितं सांगायच्या वयात आली, आणि जिना चढून वर जायला लागली.

एकदा थोरलीनं वरच्या दारातून पाहिलं. चिमी धाकटीच्या गळ्यात पडून कानाशी कुजबुजत होती, आणि धाकटी डोळे विस्फारून मान डोलावत होती. थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. नात आपली, आणि लाड हिचे!

चिमी खाली येताच तिनं तिला मांडीवर ओढलं. "काय सांगत होतीस गं तिला?"

"गुपित आहे ते."

"मग मलाही सांग."

चिमीनं कानाशी तोंड नेलं. थोरलीला नुसती गरम वाफ जाणवली. "काय?" पुन्हा वाफ. "अगं, नीट बोल की!"

चिमी वैतागली. "मोठ्या आजी, तुला सगळं ओरडून सांगावं लागतं. गुपित कसं ओरडणार?"

त्या दिवसापासून थोरलीनं धाकटीशी बोलणं टाकलं. "पोर फितवली तिनं," असं ती मुलाला सांगायची, सुनेला सांगायची. मळ साचला असेल म्हणून एका दुपारी तिनं आकडा जरा जास्तच आत घातला. कळ मस्तकात गेली, आकड्याला रक्त लागलं. घरात तेव्हा धाकटीच होती. तीच तिला दवाखान्यात घेऊन गेली.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी एका बंद खोलीत बसवून आवाज ऐकवले. थोरली बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तुमचं यंत्र बंद आहे."

"चालूच होतं, मावशी. मळ नव्हताच तुमच्या कानात. आकड्यानं आतली कातडी सोलली आहे, ती भरेल. यापुढे तेल नको, आकडा नको. पण ऐकू कमी येतंय ते मागांच्या आवाजानं. गेलेलं परत येत नाही. कानाला मशीन लावलं तर बरंचसं भागेल."

बाहेर पडताच थोरली जावेवर उखडली. "तुला ठाऊक होतं हे! मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, जाऊबाई," धाकटी मोठ्यानं म्हणाली. "बुचांचा नवा जोडही दिला होता. तुम्ही तो सगळ्यांसमोर नाकात घालून दाखवलात."

थोरलीला आठवलं. केवढ्या हसल्या होत्या सगळ्या. तिचा जळफळाट आणखीच वाढला. एक तर पोर नेली, वर खरंही हिचंच!

मशीन आलं. आठवडाभर घरातलं प्रत्येक भांडं तिच्या डोक्यात आदळत होतं. मग एकदा चिमी जवळ आली, कानाशी तोंड नेलं, तोच मशीननं शिट्टी मारली. चिमी दचकली, मग पोट धरून हसली. मग ती वीतभर मागे सरकली आणि समोर बसून हळूच म्हणाली, "माझ्या मैत्रिणीचं खोडरबर हरवलं नाहीये. ते माझ्या दप्तरात आहे."

थोरलीला शब्द न् शब्द कळला. मग तिनं विचारलं, "हे छोट्या आजीला सांगितलंस?"

"हो, कालच."

थोरलीचा चेहरा पडला. "तिला न सांगितलेलं काहीतरी सांग."

चिमीनं विचार केला. "तसं काहीच नाहीये."

"मग कर काहीतरी," थोरली म्हणाली.