मयतीच्या घरचं इंग्रजी

माझी धाकटी सून स्वयंपाक करताना मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून ठेवते. त्यात एक माणूस इंग्रजीतले वाक्प्रचार शिकवतो. आधी इंग्रजीत म्हणतो, मग हिंदीत अर्थ सांगतो, मग पुन्हा इंग्रजीत. सून त्याच्यामागून म्हणते. तिचं लक्ष तिकडे असतं आणि इकडे तव्यावरची पोळी करपते. करपलेली पोळी मी तिच्याच ताटात वाढते.

मी चौथी शिकलेली. इंग्रजी मला येत नाही आणि या वयात त्याचं काही अडतही नाही. पण स्वयंपाकघर लहान आहे, कान बंद करता येत नाहीत, म्हणून ऐकत गेले.

आम्ही अकोल्याला राहतो, मी, सून आणि नात. मुलाची नोकरी अमरावतीला. तो शनिवारी येतो, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जातो. सून इथल्या एका इंग्रजी शाळेत लहान वर्गांना इंग्रजी शिकवत होती, पण नोकरी कच्ची. वर्षभर पाहू, मग उन्हाळ्यात ठरवू, असं शाळेच्या मोठ्या मॅडमनं सांगितलं होतं. ती धामणगावची, सगळं शिक्षण मराठीतून झालेलं. शाळेतल्या बाकीच्या बाया आपसात फाडफाड इंग्रजी बोलत आणि ही गप्प बसे. म्हणून तो मोबाइलमधला माणूस.

शाळेनं नाही ठेवलं तर काय, हेही ठरलेलं होतं. अकोल्याचं घर सोडायचं आणि अमरावतीला मोठ्या मुलाच्या घरी वरच्या मजल्यावर जाऊन राहायचं. मुलाचं म्हणणं, इथं बायकोची नोकरी नसेल तर दोन ठिकाणी संसार कशाला. सुनेला ते नको होतं, कारण तिथं गेली की ती नुसती घरातली बाई होणार. मलाही नको होतं. मोठ्या सुनेचं आणि माझं जमत नाही. ती वाईट नाही. आवाज दोघींचेही मोठे आहेत. तेव्हा धाकटीची नोकरी पक्की व्हावी असं मला वाटत होतं, ते तिच्यासाठी निम्मं आणि माझ्यासाठी निम्मं.

मी अंबाडी निवडत बसायची आणि तिला विचारायची.

"आता काय म्हणला थो?"

"पीस ऑफ केक. म्हंजे एकदम सोपं काम."

"केक करणं सोपं असते का व?"

"करणं नाही आई, खाणं."

"मंग तसं म्हणाव ना."

बरं वाटत नसेल तर ते लोक 'अंडर द वेदर' म्हणतात, हवामानाच्या खाली. मी म्हटलं, तिथं तर सगळेच असतात. फार महाग वस्तूला एक हात आणि एक पाय लागला म्हणतात. अमरावतीच्या सोनाराकडून आल्यावर माझी आई साधारण तेच म्हणायची, तेव्हा हे मला लगेच पटलं. कधीमधी घडणाऱ्या गोष्टीला 'वन्स इन अ ब्लू मून'. निळा चंद्र.

"निळा चंद्र कोनं पायला?" मी विचारलं.

"कोनीच नाही. म्हणूनच तर. तुमचा लेक भांडे घासते ना, तसं."

हे तिनं बरोबर सांगितलं. मला समजलं.

एकदा तो माणूस पायांवर आला. कोणाचा पाय ओढणं म्हणजे त्यांच्यात थट्टा करणं. आपल्यात पाय ओढतात ते वर चढणाऱ्याला खाली पाडायला. सून म्हणाली, हे ध्यानात ठेवलं पाहिजे, नाहीतर घोटाळा होईल. मग 'कोल्ड फीट' आलं. ऐनवेळी कच खाणं, असा अर्थ. मी तिला सांगितलं, "थंड पाय म्या माह्या सासूचे पायले. कच नाही खाल्ली तिनं. मेली."

"आई, तुमी जेवताना तरी असं नका बोलू," ती म्हणाली.

उन्हाळा तोंडावर आला होता. परीक्षा संपत आल्या होत्या. त्यातच मोठ्या मॅडमची आई वारली. शाळेच्या शिक्षकांचा मोबाइलवर ग्रुप आहे, त्यात सकाळीच बातमी आली. एकेक जण दुःख कळवू लागला. सगळ्यांचं तेच ते वाक्य. सुनेला वाटलं, आपलं जरा वेगळं, चांगलं असावं. तिनं लिहिलं आणि मला वाचूनही दाखवलं: "रिस्पेक्टेड मॅडम, व्हेरी सॅड टू नो दॅट युअर मदर हॅज किक्ड द बकेट."

मला त्यातलं 'मॅडम' आणि 'मदर' कळलं. मी म्हटलं, बरं.

दुपारी शाळेतल्या दुसऱ्या एका बाईचा फोन आला. ही फोन कानाला लावून उभी होती ती पाटावर बसली. फोन ठेवला तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं.

"काय झालं व?"

"आई, म्या चुकीचं लिवलं."

"काय चुकीचं?"

"त्याचा अर्थ मरणंच हाये. पण थे थट्टेत म्हणतेत. ज्याचं काही वाटत नाही त्याच्यासाठी. आपण गचकला म्हणतो ना, तसं."

म्हणजे तिनं सगळ्या मास्तरांच्या देखत मोठ्या मॅडमला लिहिलं होतं की तुमची आई गचकली, फार वाईट वाटलं.

ती असं का करून बसली ते मला तेव्हाच समजलं. आपल्याकडे शिकलेलं माणूस कोणाला 'मेला' म्हणत नाही. वारले म्हणतो, देवाघरी गेले म्हणतो, देवाज्ञा झाली म्हणतो. मोठा माणूस असला की कैलासवासी. मरणाची गोष्ट सरळ न बोलता फिरवून बोलली की तो मान असतो. मोबाइलवाल्यानं अर्थ सांगितला, मरण पावणे. तिनं धरलं की नुसतं 'मेली' लिहिण्यापेक्षा हे फिरवलेलं बरं. इंग्रजांच्यात फिरवून बोलणं टवाळीचंही असतं, हे त्यानं सांगितलं नाही. आपल्यातही असतंच की. गचकला, खपला, हेही फिरवलेलंच आहे. पण ते कोणाबद्दल म्हणायचं नाही हे आपल्याला लहानपणी कोणी न शिकवता कळतं.

तिनं तो मजकूर पुसला. पण मॅडमनं वाचल्याची निळी खूण आधीच आलेली होती.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. तिनं त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "मंग काय, वहिनीले सांगू का, वरची खोली झाडून ठेव म्हणून?"

तिनं फोन बंद केला. जेवली नाही.

मी म्हटलं, "उद्या मयतीले जाऊन येऊ."

"कोनत्या तोंडानं जाऊ आई?"

"तोंडाचं काय काम तिथं? बसाचं असते. बसू अन् येऊ."

"मॅडमनं बाहेर काढलं तं?"

"मयतीच्या घरून कोनी कोनाले काढत नाही. नंतर काढते, शाळेतून."

दुसऱ्या दिवशी ती तयार झाली.

मॅडमच्या आईचं घर जुन्या शहरात. आम्ही ऑटोनं मोर्णेचा पूल ओलांडून गेलो. गल्ली अरुंद, ऑटो आत जाईना, उतरून चाललो. घर विचारावं लागलं नाही. मयतीचं घर बाहेरच्या चपलांवरून कळतं, ते कोणाचंही असो.

आत पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. मधे खजुराच्या बियांचा ढीग होता. भोवती बसलेल्या बाया एकेक बी उचलून तोंडातल्या तोंडात काही म्हणायच्या आणि दुसरीकडे ठेवायच्या. मॅडम मुसलमान, त्यांच्यात मेलेल्यासाठी असं वाचतात. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. कोणी कोण म्हणून विचारलं नाही. एका मुलीनं पाणी आणून दिलं. सुनेचा पेलाही मीच घेतला.

बऱ्याच वेळानं मॅडम आतून आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. उंच बाई, डोळे सुजलेले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, व्यापारातलं, तेव्हा मराठी आमच्यासारखीच. मी म्हटलं, "मी हिची सासू. तुमच्या अम्मी वारल्या, म्हणून आलो."

त्यांनी मान हलवली. मग सुनेकडे पाहिलं.

"मेसेज तूच लिहिला ना?"

"हो मॅडम."

"कुठून शिकली?"

"मोबाइलवरून."

"काय समजून लिहिलं?"

"स्वर्गवासी झाल्या... तसं वाटलं मॅडम."

शेजारी एक म्हातारी होती, मेलेल्या बाईची बहीण, मॅडमची खाला. तिनं बी हातात तशीच धरून विचारलं, "क्या लिखी ये?"

मॅडम खालाकडे वळल्या. मग म्हणाल्या, "लिखी के अम्मी लुढ़क गई."

बियांचं काम थांबलं. सगळ्या बाया सुनेकडे पाहू लागल्या. खालानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "मय्यत के घर में अंग्रेजी काहेकू? अपनी बोली में बोलती ना."

म्हातारी बरोबर बोलली होती. बाया पुन्हा बिया उचलू लागल्या. मॅडम कोपऱ्यात जाऊन बसल्या. पुरेसं बसून झाल्यावर मी सुनेला कोपरानं खूण केली आणि उठले.

मयतीच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. नुसतं उठायचं आणि जायचं. 'येतो' म्हणजे पुन्हा अशाच कामानं येऊ, असं होतं. आमच्यात शेंबडं पोरही हे जाणतं. पण सून इतकी घाबरलेली होती की दारात वळली आणि शाळेतून निघताना रोज म्हणते तशी म्हणाली, "येते मॅडम."

म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "नाही... म्हंजे तसं नाही..."

मॅडमनं मान वर करून पाहिलं. मी तिचा दंड धरला आणि बाहेर काढली.

ऑटोत मी म्हटलं, "इंग्रजीत केलं होतं, आता मराठीतही केलं."

ती हसली. हसता हसता रडायला लागली. ऑटोवाला आरशातून पाहत होता. त्याला मी समोर पाहायला सांगितलं.

त्यानंतर शाळेनं काही कळवलं नाही. निकाल लागले, सुट्ट्या लागल्या. ग्रुपवर तिच्याशी कोणी बोलेना, की तिलाच तसं वाटत होतं, मला सांगता येणार नाही. घरात मोबाइल डब्यापासून उचलला गेला. पोळ्या चांगल्या होऊ लागल्या. मुलगा शनिवारी आला की वरच्या खोलीचं माप घेऊन आलेला असे, कपाट कुठं ठेवायचं वगैरे. मी माझ्या पेटीतल्या जुन्या लुगड्यांतून काय न्यायचं आणि काय बोहारणीला द्यायचं ते बघायला सुरुवात केली.

मे महिन्यात मॅडमनं तिला बोलावलं. ती गेली तेव्हा मी देवाला काही सांगितलं नाही. ठरलेलं असतं ते ठरलेलं असतं. अमरावतीचे जिने चढायची वेळ आली असती तर चढले असते.

ती परत आली, पर्स पलंगावर टाकली आणि म्हणाली, "ठेवलं."

"मंग तोंड काहून असं?"

"इंग्रजी काढून घेतलं. तिसरी-चौथीचं मराठी दिलं."

मग तिनं बसून सांगितलं. मॅडम म्हणाल्या होत्या, "माझ्या अम्मीच्या मयतीत तू दोन चुका केल्या. दारातली चूक तुझ्या तोंडातून निघाली अन् तुलाच कळली, मी काही म्हणायच्या आधी. मेसेजची चूक अर्धा दिवस तशीच होती. दुसऱ्यानं फोन केला तेव्हा कळली. जी भाषा चुकल्यावर आतून टोचते ती शिकवायची. इंग्रजी टोचायला लागली की ये, तेव्हा बघू."

मला यात काही खोट दिसली नाही. तिला दिसली.

"मराठी काय, कोनीही शिकवते आई. मले इंग्रजी शिकवाचं होतं. येवढं पाठ केलं म्या."

"पक्की केली ना?"

"केली."

"पगार?"

"थोच."

"मंग जेव."

ती जेवली, पण त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. रात्री मी मुलाला फोन केला तर तो म्हणाला, मराठी तर मराठी, कपाटाचं माप वाया गेलं. तिनं फोन हातात घेतला नाही.

मोठ्या सुनेला मी स्वतः फोन केला. "आमी नाही येत," म्हटलं. ती "बरं" म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मला बरं वाटलं. मग तिनं नातीचा निकाल विचारला, मी तिच्या गुडघ्यांचं विचारलं आणि आम्ही दोघींनी एकदमच फोन ठेवला.

शाळा सुरू झाल्यावर सून चौथीच्या वर्गाला वाक्प्रचार शिकवू लागली. घरी येऊन वह्या तपासते. एका पोरानं 'देवाज्ञा होणे'चं वाक्य लिहिलं होतं, 'आमच्या कुत्र्याला देवाज्ञा झाली.' तिनं लाल पेन उचलला आणि मला विचारलं, हे चूक धरू का. मी म्हटलं, पोराले इचार, कुत्रा केवढा होता त्याच्यासाठी. तिनं विचारलं. पोरगं वर्गात रडलं म्हणे. तिनं बरोबरची खूण केली.

इंग्रजी काढून घेतल्याचं तिनं सोडून दिलेलं नाही. त्यावरून मॅडमवर अजूनही चिडून आहे.