खुर्चीवरची चादर

माझी आत्या केस कापते. हात इतका साफ, की एकदा तिच्याकडे आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याला डोकं देत नाही. दुकान बाबांचं, पण भिंतीकडची खुर्ची आत्याची.

तिथंच तिला पहिला झटका आला. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, श्वास पुरेना. कात्री टाकून ती रस्त्यावर पळाली आणि खुर्चीतले गिऱ्हाईक वकीलसाहेब अर्ध्या कापलेल्या डोक्यानं आरशात बघत बसले. डॉक्टरांनी तपासलं. हृदय ठणठणीत, हा घबराटीचा झटका, पुन्हा येऊ शकतो, पण त्यानं माणूस मरत नाही, असं म्हणाले.

बाबांनी फक्त 'पुन्हा येऊ शकतो' एवढंच ऐकलं. आत्याच्या खुर्चीवर चादर घातली आणि म्हणाले, "ताई, तू आता घरीच आराम कर." मला बाबांचा भयंकर राग आला. धडधाकट बाईच्या खुर्चीवर चादर कसली घालता?

औषधं सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत आत्या दुकानात हजर. तिनं चादर ओढली, झटकली आणि आलेल्या शिक्षिकाबाईंच्या गळ्याभोवती तीच गुंडाळली.

"आधीच सांगते, मला मध्येच घाबरायला होतं. झालं तर कात्री ठेवून जरा बसेन. तुम्ही उठायचं नाही."

"बसा की. मला कुठे घाई आहे?" बाई म्हणाल्या.

डावी बाजू कापून झाली आणि व्हायचं तेच झालं. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. कात्री ठेवून ती स्टुलावर बसली आणि केसांवर मारायची पाण्याची बाटली स्वतःच्याच तोंडावर फवारली. बाबा धावत आले, कात्री उचलायला गेले.

"हात लावू नकोस," आत्या धापा टाकत म्हणाली. "हे डोकं माझं आहे."

"अगं, तुला धड बसवतही नाहीये."

"नाही बसवत. पण बसलेय ना? पळाले का?"

बाबांनी कात्रीकडे नेलेला हात मागे घेतला. बाई अर्ध्या डोक्यानं मासिक चाळत राहिल्या. मला भीती वाटत होती, रडूही येत होतं, आणि आत्याचा अभिमान म्हणाल तर पोटात मावत नव्हता.

हळूहळू तिचा श्वास जागेवर आला. चादरीच्या टोकानं तिनं तोंड पुसलं, दोन्ही हात समोर धरले, थरथर थांबेपर्यंत धरूनच ठेवले. मग कात्री उचलून उजवी बाजू डावीला अशी जुळवली, की बघत राहावं.

आमच्या दुकानात केस झाले की गिऱ्हाइकाच्या मागे आरसा धरायचं काम मदतनिसाचं. आत्यानं तो आरसा बाबांच्या हातात दिला.

"धर नीट," ती म्हणाली. "मी पुढच्यांना बोलावते."