मे महिन्यातलं ऑपरेशन आणि दुसरी बरणी

ऑपरेशन माझं झालं, पण त्याचे किस्से अख्ख्या स्टाफरूमचे आहेत. अजूनही लग्नात-बारशात आम्ही चार जुन्या बाया एकत्र बसलो की कुणीतरी म्हणतंच, "मगदूमबाई, ते म्हशीचं सांगा की." म्हशीचं सांगून होतंय तोवर दुसरीला रक्ताच्या बाटल्या आठवतात, तिसरीला मिशा आठवतात, आणि पंगत उठायची वेळ होते. हे असं साठतच जातं. घडत होतं तेव्हा त्यातलं एकही मला हसण्यासारखं वाटत नव्हतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

तर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सुमार. शिवाजी पेठेतल्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत होते. वय चव्वेचाळीस. दीडेक वर्ष अंगावरून इतकं जात होतं की टेबलापासून फळ्यापर्यंत गेले तरी धाप लागायची. डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफी केली, पिशवीत गाठी निघाल्या. त्या म्हणाल्या, पिशवी काढून टाकू. घाई नाही, पण फार टाळूही नका. 'घाई नाही' एवढंच मला ऐकू आलं आणि मी टाळायला मोकळी झाले.

*

आमच्या शाळेत ऑपरेशनचा महिना ठरलेला होता. मे. दुखणं कधीही येवो, शिक्षिका आडवी व्हायची ती निकाल लागल्यावरच. शिंदेबाई म्हणजे आमच्या पी.टी.च्या बाई. आवाज असा की गळ्यातली शिट्टी नुसती शोभेला. त्यांचं पित्ताशय जानेवारीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, आजच ॲडमिट व्हा. बाई म्हणाल्या, "स्नेहसंमेलन हाय. मेमध्ये बघू." आणि पुढचे सगळे महिने ते खडे पोटात घेऊन त्यांनी कवायत घेतली.

मी मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, माझं सांगायला गेले. सांगता सांगता रडूच आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि हळूच विचारलं, "सातवी ब चे पेपर तपासून झाल्यावर ना?"

त्यामुळे मेमध्ये त्या हॉस्पिटलातला बायकांचा वॉर्ड म्हणजे शिक्षकांचं शिबीरच असायचं. एका खाटेवर कसबा बावड्याच्या बाई, पलीकडे पेठ वडगावच्या. जेवणाची घंटा झाली की सगळ्या ओळीनं उठून बसायच्या.

*

एकदा बातमी फुटली आणि डब्याच्या सुट्टीत सल्ले सुरू झाले. शिंदेबाईंनी सांगितलं की त्यांच्या वडगावच्या वहिनीची पिशवी काढली, तर वहिनी फुगली, आवाज घोगरा झाला आणि वर मिशा आल्या. संगीताच्या बाई म्हणाल्या, मिशांचं काय नाही हो, कंबर कायमची जाते. आणखी कुणीतरी आवाज खाली आणून सांगितलं की मग नवऱ्याचं घरात लक्ष लागत नाही. मी डबा झाकून ठेवला.

कांबळेबाई विज्ञानाच्या. आमच्यात वयानं सगळ्यात लहान आणि सगळ्यात शांत. भाकरीचा तुकडा मोडत त्या म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंना नऊ मुलं झाली. पिशवी अजून जागेवर आहे. आणि मिशा सासऱ्यांपेक्षा मोठ्या आहेत."

मिशांचा विषय तिथंच संपला. नवऱ्याचा माझ्या डोक्यात राहिला. आमचे हे वीज बोर्डात होते, बोलणं मोजकंच. घरी जाऊन धीर करून यांना विचारलं की ऑपरेशननंतर मी तुम्हाला अशीच आवडेन का. यांनी पेपर खाली ठेवला, थोडा वेळ विचार केला.

"डॉक्टरांनी घरात तिखट बंद करायला सांगितलंय का?"

म्हटलं, नाही.

"मग काय प्रश्न न्हाय," म्हणाले आणि पेपर पुन्हा वर घेतला.

*

आता म्हशीचं. डॉक्टर मॅडमनी एक निर्णय माझ्यावर सोडला होता. पिशवी तर जाणारच, पण दोन्ही बाजूंची अंडाशयं ठेवायची की तीही काढायची? ठेवली तर अंगातली हार्मोन्स चालू राहतात, काढली तर पुढं त्यांचं काही दुखणं उद्भवायला नको. विचार करून सांगा, म्हणाल्या. मी मराठीची बाई, मला वृत्तं विचारा, अलंकार विचारा. अंडाशयाचा विचार मी कुठून करणार? मी कांबळेबाईंना गाठलं.

त्यांनी स्टाफरूमच्या फळ्यावर रंगीत खडूंनी आकृती काढली. मधे पिशवी, दोन बाजूंना दोन नळ्या, नळ्यांच्या टोकाला अंडाशयं. काय जाणार, काय राहणार, सगळं नीट समजावत होत्या, तेवढ्यात पोवारसर आत आले. हे चित्रकलेचे. शाळेतले एकुलते एक पुरुष शिक्षक, अतिशय सज्जन माणूस. मान तिरकी करून ते फळ्याकडं बघत राहिले.

"म्हैस झकास आलीया बाई. पण शिंगं सारखी न्हाईत."

आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी डस्टर उचललं, डावी नळी पुसली आणि छान बाक देऊन पुन्हा काढली. खोटं कशाला सांगू, म्हैसच दिसायला लागली, चांगल्या जातीची!

शिंदेबाईंनी तोंडात पदर कोंबला. कांबळेबाईंचा चेहरा जराही हलला नाही. त्यांनी विचारलं, सर, शिंगांच्या टोकाला हे जे गोल आहे ते ठेवावं की काढावं, असा प्रश्न पडलाय.

सर दोन पावलं मागं सरकले, एक डोळा बारीक करून बघितलं. "चांगलं हाय की. चांगलं असल्यालं कशाला काढायचं?"

मधल्या सुट्टीपर्यंत शिंदेबाईंनी ते शाळाभर केलं. पोवारसर पुढं बरेच दिवस चित्रकलेच्या वर्गात एकटे बसून डबा खात होते. मी मात्र डॉक्टर मॅडमना जाऊन सांगितलं की उघडल्यावर बघा, चांगली असतील तर ठेवा. त्या म्हणाल्या, योग्य ठरवलंत, कुणाशी बोललात? म्हटलं, आमच्या एका सहकाऱ्यांशी.

*

माझ्या अंगात रक्त नव्हतंच म्हणायचं. ऑपरेशनच्या आधी दोन बाटल्या चढवायच्या ठरल्या, आणि त्याच्या बदल्यात आपल्यापैकी दोघांनी रक्तपेढीत रक्त द्यायचं. पहिले हे निघाले. तिथं सुई दिसली मात्र, हे खुर्चीतच कलंडले. सिस्टरनी यांनाच सरबत पाजून घरी पाठवलं.

हे शिंदेबाईंना कळलं. आमच्याकडं पेठेपेठेतल्या तालमींच्या फुटबॉल टीम असतात, त्यांचा भाऊ अशाच एका टीममध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिस सोडून अख्खी टीम जर्सीवर रक्तपेढीच्या दारात हजर! आमच्या गल्लीतली तालीम वेगळी. त्या पोरांना ही खबर लागली, तशी तीही आली. या दोन तालमींचं मैदानात कधी पटलं नाही, ते रक्तपेढीत काय पटणार? गल्लीतली पोरं म्हणत होती, आमच्या गल्लीची बाई हाय, रक्त आमचंच जाणार. टीमवाली म्हणत होती, आमच्या बहिणीच्या शाळंची हाय आणि पहिलं आम्ही आलोय. रक्तपेढीतल्या मॅडमनी समजावलं की बाबांनो, दोनच बाटल्या लागतात आणि तुमचंच रक्त त्यांना जाईल असंही नसतं. कोण ऐकतंय! शेवटी त्या कंटाळून म्हणाल्या, दोन्हीकडचे गोलकीपर तेवढे आत या, बाकीचे रस्त्यावर उभे राहा.

ते दोघं नंतर घरी आले. चहा पिऊन दोघांनीही मला वेगवेगळं बजावलं की काकू, आता तुम्ही आमच्या. तेव्हापासून मॅच बघायला गेले की माझी पंचाईत होते. कुणीही गोल खाल्ला तरी मला वाईट वाटतं.

*

एवढं सगळं हसण्यावारी नेत होते, पण खरं सांगते, मी भ्यायले होते. मिशांना नाही आणि सुरीलाही नाही. मला भीती होती भुलीची. एकदा डोळा लागला आणि उघडलाच नाही तर?

माझी मावशी अशीच पोटाच्या ऑपरेशनला आत गेली. आम्हाला हात करून गेली, ती परत आली नाही. त्या उन्हाळ्यात तिनं केलेली चटणी घरात होती. तिची पोरं तीच खात राहिली. ज्या दिवशी बरणीचा तळ लागला, त्या दिवशी धाकटा ताटावरून उठला आणि कोपऱ्यात जाऊन रडला. मी तेव्हा लहान होते, पण ती बरणी माझ्या डोक्यातून कधी गेली नाही.

आमच्याकडं वर्षाची चटणी उन्हाळ्यातच होते. मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, कांदा-खोबरं भाजायचं, लसूण सोलायचा आणि सगळं गिरणीतल्या डंकावर नेऊन कुटून आणायचं. ऑपरेशननंतर जड काही उचलायचं नव्हतं, म्हणून ॲडमिट व्हायच्या आधीच मी हे काम काढलं. आणि मिरच्या दुप्पट आणल्या.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर निपाणीकडचं, तिकडं आईला अव्वा म्हणतात, म्हणून हे म्हणायचे आणि लग्नानंतर मीही म्हणायला लागले. तोंडानं फटकळ. माझ्या ऑपरेशनबद्दल सगळं गाव बोलत होतं, पण अव्वा चकार शब्द बोलल्या नव्हत्या. मला त्याचा रागच होता. देठं काढता काढता त्यांनी ढिगाकडं बघितलं.

"एवढी कुणाला गं, सुमन?"

म्हटलं, असू दे, पोरांना लागते. दोन वर्षं पुरेल.

अव्वांचा हात थांबला. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि मी मिरच्यांकडं. मग त्यांनी पुन्हा देठं मोडायला घेतली. मिरचीच्या खाटानं दोघींच्याही डोळ्यांना पाणी आलेलं होतं, ते बरंच झालं. चटणीच्या दोन बरण्या भरल्या, फडकी बांधली, फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या. यांना आणि पोरांना काही सांगितलं नाही.

*

निकाल लागला, सातवी ब पास झाली, आणि मी ॲडमिट झाले. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी.

संध्याकाळी भेटायला शिंदेबाई आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "चटणी लई झ्याक झालीया बाई." मला वाटलं, पेशंटशी काय बोलावं ते सुचत नसेल. नंतर पोवारसर आले. म्हशीनंतर पहिल्यांदाच समोर येत होते. हातात शहाळी, नजर फरशीवर. तब्येतीचं अवाक्षर नाही, फक्त चटणी फार छान होती म्हणाले आणि गेले. शेजारणीनंही तेच सांगितलं. मोठ्या बाईंनी तर कृती विचारली. सकाळी माझं ऑपरेशन आणि जो तो येऊन चटणीचं कौतुक करून जातोय. मला काही कळेना.

सकाळी ट्रॉलीवर घेतलं. भुलीचे डॉक्टर आले, नाडी बघितली, म्हणाले, घाबरू नका, मी शेवटपर्यंत तुमच्या उशाशीच असतो. आणि मग जरा वाकून म्हणाले, "काल तुमच्या सासूबाईंनी डबा दिला. चटणी जबरदस्त हो."

मी ट्रॉलीवर उठूनच बसले. सिस्टरनी धरून पुन्हा आडवं केलं. हे भिंतीला टेकून उभे होते, चेहरा पांढराफटक. मी यांना विचारलं, कुठली चटणी वाटताय तुम्ही सगळ्यांना?

"मला काय विचारतीस? अव्वांनी दुसरी बरणी मोकळी केली. धुऊन पालथी घातलीया."

सगळी? दोन दिवस देठं मोडली होती, लसूण सोलून बोटं भाजली होती. मी ट्रॉलीवरूनच अव्वांना शोधायला लागले. त्या दाराशी उभ्या होत्या. जवळ आल्या, पदरानं माझं कपाळ पुसलं, केसाची बट टोपीत सारली.

वॉर्डबॉयनं ट्रॉली ढकलली. ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं. आणि मागून अव्वांचा आवाज आला, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा.

"मीठ कमी पडलंय तुझं. दोन वर्सं टिकायची न्हवती ती. पुढच्या उन्हाळ्यात नीट बघून घाल."